अवधूताचा अठरावा गुरु

मार्गशीर्षाची पौर्णिमा जवळ आली कीं बीड जिल्ह्यांत गांवोगांव दत्तजयंतीची तयारी सुरू होते. आंबेजोगाई ही तर दासोपंतांसारख्या थोर दत्तभक्ताची भूमि. तेथें या दिवसांत कीर्तन-प्रवचनांना तोटा नसतो. त्यांतून श्रोत्यांच्या विशेष आवडीचा विषय म्हणजे अवधूताचे चोवीस गुरु. पृथ्वीपासून क्षमा, वायूपासून अलिप्तपणा, अजगरापासून संतोष असें एकेक सांगत हरिदास अठराव्या गुरूपाशीं येतात, आणि बहुधा असें म्हणतात: अठरावा गुरु टिटवी. एक टिटवी चोंचींत मासा धरून उडत होती. तो मासा पाहून कावळे आणि घारी तिच्या पाठीस लागल्या. ती जाईल तिकडे त्यांनीं तिला टोंचून हैराण केलें. शेवटीं तिनें मासा टाकून दिला, तेव्हां सारें शुक्लकाष्ठ त्या माशामागें गेलें आणि टिटवी एका झाडावर स्वस्थ बसली. परिग्रह हें दुःखाचें मूळ आणि त्याग हें सुखाचें, असा त्याचा इत्यर्थ.

कथा लहान आहे, गोड आहे, आणि तिच्यांतील बोधाविषयीं कोणाचा वाद असण्याचें कारण नाहीं. परंतु ज्यानें टिटवी नीट पाहिली आहे त्याला येथें क्षणभर थबकावें लागेल. टिटवी हा कांहीं दुर्मिळ पक्षी नव्हे. नांगरटीच्या रानांत, माळावर, तळ्याच्या ओलसर कडेनें लांब पिंवळ्या पायांवर तुरुतुरु धांवणारी, आणि माणसाची चाहूल लागतांच सारें शिवार ओरडून डोक्यावर घेणारी ती टिटवी आमच्याकडील लहान मुलांनाहि ठाऊक असते. तिचें खाणें म्हणजे किडे, अळ्या आणि बारीकसारीक गोगलगाई. तिची चोंच आंखूड. पायाचें मागचें बोट इतकें नांवापुरतें कीं तिला फांदी धरून बसतांच येत नाहीं. म्हणून ती झाडावर बसत नाहीं, आणि अंडींहि उघड्या जमिनीवर खड्यांमध्यें घालते. मासा घेऊन उडणारी आणि शेवटीं झाडावर विसांवणारी टिटवी सृष्टींत कोठें नाहीं. आम्हींहि ही कथा कित्येक वर्षें वर्गांत याच शब्दांत सांगितली, आणि ही विसंगति आमच्या ध्यानांत आली नाहीं, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. पोथी वाचण्याचे डोळे निराळे आणि रानांत पाहण्याचे डोळे निराळे, अशी आम्हां शिकलेल्या मंडळींची संवय होऊन बसली आहे. हा अठरावा गुरु खरोखर कोण, तो मराठींत टिटवी कसा झाला, आणि आज आमच्या जिल्ह्यांत त्याची गांठ कोठें पडते, याचा शोध घेण्याचा विचार आहे.

प्रथम मूळ ग्रंथाकडे वळूं. अवधूत आणि यदुराजा यांचा संवाद भागवताच्या अकराव्या स्कंधांत आला आहे. गुरूंची यादी सातव्या अध्यायांत आहे आणि अठराव्या गुरूचा प्रसंग नवव्या अध्यायाच्या अगदीं आरंभीं आहे. तेथें टिटवीचें नांव नाहीं. तेथला शब्द आहे 'कुरर'. प्रसंगहि फार थोडक्यांत सांगितला आहे: ज्या कुररापाशीं आमिष होतें त्याच्यावर आमिष नसलेले दुसरे बलवान तुटून पडले, आणि तें टाकून दिल्यावर त्याला सुख लाभलें. चोंचीचा उल्लेख नाहीं, झाडाचा नाहीं, स्पष्ट शब्दांनीं माशाचाहि नाहीं. हा कुरर भागवतकाराला प्रथम सुचला असेंहि नव्हे. महाभारताच्या शांतिपर्वांत बोध्य नांवाच्या ऋषीनें आपले सहा गुरु सांगितले आहेत: पिंगला, कुरर, सर्प, भ्रमर, बाण करणारा कारागीर आणि कुमारी. हे सहाहि जण पुढें भागवताच्या चोवीसांत येऊन बसलेले दिसतात. म्हणजे पृथ्वी, वायु, आकाश यांच्या पंक्तींत बसण्यापूर्वींच कुरर हा गुरुपदास पोहोंचलेला होता.

आतां हा कुरर कोण? अमरकोशांत कुरर आणि उत्क्रोश हीं एकाच पक्ष्याचीं दोन नांवें दिलीं आहेत. उत्क्रोश म्हणजे मोठ्यानें ओरडणारा. काव्यांत तर कुररीचा आक्रोश हा ठरलेला संकेतच आहे. रामायणांत शोकाकुल स्त्रियांना कुररीची उपमा मिळते, आणि रघुवंशाच्या चौदाव्या सर्गांत लक्ष्मण दृष्टीआड झाल्यावर वनांत एकटी पडलेली सीता कुररीसारखी आक्रंदन करते. वामन शिवराम आपटे यांनीं १८९० सालच्या आपल्या संस्कृत-इंग्रजी कोशांत कुरर शब्दास 'ऑस्प्रे' हा इंग्रजी पर्याय दिला, आणि मोनियर विल्यम्स यांचाहि कौल तोच आहे. संस्कृत वाङ्मयांतील पक्षिनामांचा आजवरचा सर्वांत विस्तृत शोध के. एन. दवे यांनीं केला. १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांत कुरर हें नांव ऑस्प्रेला आणि त्याच्याबरोबर मासे मारून राहणाऱ्या इतर मोठ्या गरुडांनाहि लाविलें आहे. आमच्या मतें हाच निर्णय ग्राह्य होय. कारण जुने लोक पक्ष्यांना जातिपरत्वें नव्हे तर वृत्तिपरत्वें नांवें देत, आणि पाण्यावर जगणारा, मासा उचलणारा व उंच स्वरांत ओरडणारा तो कुरर, एवढें त्यांना पुरेसें होतें.

या ऑस्प्रेला मराठींतील पक्षिविषयक पुस्तकांत मीनघार, मोरघार, कैकर अशीं नांवें आढळतात. आम्ही येथें मीनघार हें नांव वापरूं. कारण तें ऐकतांच अर्थ कळतो. अंटार्क्टिका सोडून पृथ्वीच्या सर्व खंडांवर दिसणारा हा पक्षी आहे. लिनियसनें १७५८ सालीं त्याला शास्त्रीय नांव दिलें तें इतर ससाण्यांबरोबर. पण पुढें १८०९ सालीं साविन्यी या फ्रेंच पंडितानें त्याच्याकरितां स्वतंत्र गण केला, आणि आज तर त्याचें कुलहि निराळें मानितात. त्याचें कारण त्याच्या शरीररचनेंतच आहे.

मीनघारीची लांबी सुमारें ५० ते ६५ सेंटिमीटर आणि पसरलेल्या पंखांची रुंदी दीड मीटरच्या आसपास. वजन एकापासून दोन किलोपर्यंत. मादी नरापेक्षां थोराड. पाठ गर्द तपकिरी, पोट पांढरें शुभ्र, छातीवर तपकिरी ठिपक्यांचा पट्टा, तो मादीच्या अंगीं अधिक ठळक. डोकें पांढरें, आणि डोळ्यांतून मागें मानेपर्यंत गेलेली काळसर रेघ. जणुं कोणी काजळाचें बोट ओढलें आहे. डोळे पिंवळे धमक. उडतांना तिचे लांब पंख मनगटापाशीं किंचित् मोडलेले दिसतात. आमची नेहमींची घार सरळ पंख पसरून दुभंगलेल्या शेपटीनें वळते, तशी ही नव्हे. एवढ्या खुणा ध्यानांत ठेवल्या तर हा पक्षी दुरूनहि चुकत नाहीं.

परंतु तिचें खरें वैशिष्ट्य पायांत आहे. बहुतेक शिकारी पक्ष्यांचीं तीन बोटें पुढें आणि एक मागें असतें. मीनघारीला बाहेरचें बोट घुबडाप्रमाणें मागें वळवितां येतें. मग दोन पुढें आणि दोन मागें असा सांडशीसारखा चिमटा तयार होतो. तळव्यांवर बारीक कांट्यांसारखे उंचवटे असतात, त्यामुळें माशाचें बुळबुळीत अंग निसटत नाहीं. नखें चारी सारख्या लांबीचीं आणि गोलसर. पाण्यांत शिरतांना नाकपुड्या मिटतां येतात. पिसें दाट असून त्यांवर तेलाचा हात फिरलेला असतो, म्हणून तीं लवकर भिजत नाहींत. सारांश, ईश्वरानें हा पक्षी एकाच कामासाठीं घडविला, आणि तें काम म्हणजे जिवंत मासा धरणें. तिच्या आहारांत माशांवांचून दुसरें जवळजवळ कांहीं नसतें. घार मेलेलें खाते, कचऱ्यांतलें खाते, कोंबडीचें पिलूंहि पळविते. मीनघारीला या कशाशींच कर्तव्य नाहीं.

तिची शिकार पाहण्यासारखी असते. पाण्यावर दहा ते चाळीस मीटर उंचीवरून ती संथपणें घिरट्या घालते. मासा वर आलेला दिसला कीं एका जागीं पंख फडफडवीत क्षणभर थांबते, नेम धरते, पंख मागें घेऊन खालीं झेपावते, आणि पाण्याला टेंकतांना पाय तोंडाच्याहि पुढें काढते. पाणी उडतें, पक्षी दिसेनासा होतो, आणि दुसऱ्या क्षणीं जड पंखांनीं पाण्यांतून वर निघतो. मीटरभरापेक्षां खोल तिला जातां येत नाहीं. म्हणून उथळ पाणी अगर वर येणारे मासे हींच तिचीं ठिकाणें. वर आल्यावर भिजलेल्या कुत्र्यासारखें ती अंग झाडते, आणि मासा दोन्ही पायांत मागेंपुढें धरून त्याचें डोकें वाऱ्याकडे करते, म्हणजे ओझ्याला हवेचा अडथळा कमी होतो. मग एखादा वाळलेला बुंधा, खांब, कांहीं न मिळालें तर कांठावरचा दगड गांठून ती सावकाश खाते. अभ्यासकांनीं केलेल्या मोजणींत दर चार झेपांपैकीं कोठें एक तर कोठें तीन साधतात. म्हणजे मिळालेला मासा हा पुष्कळदां फुकट गेलेल्या झेपांनंतर मिळालेला असतो. तो टाकणें म्हणजे काय, हें यावरून समजावें.

हा पक्षी समुद्रकांठाचा आणि मोठ्या पाण्यांचा. कोंकणांत खाड्यांच्या मुखांशीं तो हिंवाळ्यांत दिसतो. त्याचा तेथील थोरला भाऊबंद म्हणजे समुद्रगरुड, ज्याला किनाऱ्यावर काकण म्हणतात. जी. डब्ल्यू. विडाल या मुलकी अधिकाऱ्यानें दक्षिण कोंकणच्या पक्ष्यांची जी यादी १८८० सालीं प्रसिद्ध केली, तींत या कोंकणी पांखरांची नोंद बारकाईनें केलेली आहे. आणि आमच्या काळांत चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र या संस्थेनें काकणाच्या घरट्यांचा शोध किनाऱ्यावर गांवोगांव हिंडून घेतला. काकण मीनघारीहून पुष्कळ मोठा, पाठीनें राखी, डोक्यानें व पोटानें पांढरा, शेपूट पाचरीसारखी आंखूड. तो बारमाही तेथेंच राहतो, किनाऱ्यालगतच्या उंच झाडावर काटक्यांचें प्रचंड घरटें बांधतो आणि वर्षानुवर्षें त्यावरच भर घालतो. मीनघारीसारखी तो पाण्यांत बुडी घेत नाहीं; मासा किंवा समुद्रसर्प पृष्ठभागावर आला कीं वरच्यावर उचलतो. आणि आमच्या विषयाला महत्त्वाची गोष्ट ही कीं, तो दुसऱ्याची कमाई लुबाडण्यांत पटाईत आहे. मीनघारीनें मासा धरलेला दिसला कीं तो तिचा पाठलाग करून तिला तो टाकावयास लावितो आणि खालीं पडतांना झेलतो. आमिष असलेल्या कुररावर आमिष नसलेले बलवान तुटून पडतात, तें हें. प्राचीन ऋषीनें ही कथा कल्पनेनें रचिली नाहीं. कोठल्या तरी पाण्याच्या कांठीं त्यानें ती डोळ्यांनीं पाहिली.

कोंकण आणि बीड यांमध्यें सह्याद्रीची भिंत आणि शेंकडों किलोमीटरचें पठार आहे खरें. तरी हीं दोन टोंकें एकमेकांस अगदींच परकीं नाहींत. आंबेजोगाईची योगेश्वरी ही पुष्कळ कोंकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी, आणि समुद्रकांठचीं कुटुंबें पिढ्यान् पिढ्या घाट चढून तिच्या दर्शनास येत आलीं. माणसें आलीं, पण त्यांच्या समुद्राचे पक्षी त्यांच्याबरोबर कसे यावेत? बालाघाटाच्या या प्रदेशांत पाणी नेहमींच मोजून मिळालेलें. सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा या पावसाळ्यांत वाहणाऱ्या आणि उन्हाळ्यांत डबक्यांच्या माळा होणाऱ्या नद्या. उत्तरेस तेवढी गोदावरी. मुर्तजा निजामशहाच्या काळांत सलाबतखानानें बीडजवळ बांधविलेली खजाना बावडी आजहि लोक कौतुकानें दाखवितात. जमिनीखालून पाणी आणून रान भिजविणारी ती एक अपूर्व योजना आहे. पण तिचें कौतुक हाच पाण्याच्या दुर्भिक्षाचा पुरावा होय. विहिरींत मीनघार उतरत नाहीं. तिला क्षितिजापर्यंत पसरलेलें उघडें पाणी पाहिजे, आणि तें येथें नव्हतें. गोदावरीच्या डोहांवर एखादी वाट चुकून येत असेल. गांवच्या ओळखीची ती होणें शक्य नव्हतें.

कुररापासून टिटवीपर्यंतचा प्रवास येथें समजूं लागतो. एकनाथमहाराजांनीं भागवताच्या अकराव्या स्कंधावरील आपली टीका शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ सालीं काशींत पुरी केली. पहिले पांच अध्याय पैठणास झाले आणि उरलेले काशींत, असें परंपरा सांगते. तसें असेल तर कुरराचा नववा अध्याय नाथांनीं गंगेच्या कांठीं लिहिला. तेथल्या विस्तीर्ण पात्रावर मासे धरणारे गरुड कोणालाहि दिसण्यासारखे. पण ही कथा पुढें ज्यांनीं कीर्तनांतून, दत्तसंप्रदायाच्या लहान पोथ्यांतून, मुलांच्या पुस्तकांतून घरोघर नेली ते बहुतेक कोरड्या देशांतले. त्यांना कुरर हा शब्द सांपडला, पक्षी सांपडला नाहीं. कोशांत पाहावें तर 'मोठ्यानें ओरडणारा' एवढीच खूण. काव्यांत पाहावें तर आक्रोश. आतां पाण्याच्या कडेला राहणारा, रात्रीं-अपरात्रीं कर्कश ओरडणारा, ज्याचा आवाज आमच्या बायाबापड्या अपशकुनाचा मानतात, असा आमच्या ओळखीचा पक्षी कोणता? टिटवी. शिवाय पंचतंत्रांतील टिट्टिभानें समुद्राशीं वैर मांडल्याची गोष्ट सर्वांना ठाऊक, त्यामुळें टिटवीचें पाण्याशीं नातें आधींच जुळलेलें. आवाजाच्या पुलावरून कुरर टिटवी झाला, असें आमचें अनुमान आहे.

या अनुमानास एक बळकट आधार त्या मराठी कथेंतच आहे. संस्कृतांत नुसतें 'आमिष' होतें. मराठींत त्याचा 'मासा' झाला. टिटवीच्या दृष्टीनें हा बदल चुकीचा, पण कुरराच्या दृष्टीनें अगदीं बरोबर! म्हणजे ज्यानें प्रथम आमिषाचा मासा केला त्याला कुरर हा मासे मारणारा पक्षी आहे हें ठाऊक होतें. त्याच्या मागाहून आलेल्यानें पक्षी बदलला, पण मासा तसाच ठेवला. चोरानें घर धुवून न्यावें आणि पावलांचे ठसे मात्र विसरावे, तसें झालें.

आमच्याच लोकांनीं अशी गफलत केली असें मात्र कोणी समजूं नये. बाराव्या शतकांत जेराल्ड ऑफ वेल्स या विद्वान् धर्मोपदेशकानें आयर्लंडचें वर्णन लिहिलें. त्यांत ऑस्प्रेचा एक पाय नखांचा व दुसरा बदकासारखा पडद्याचा असल्याचें सांगितलें आहे. एकानें नखांनीं धरावें आणि दुसऱ्यानें पोहावें, ही कल्पना तर्काला इतकी सुंदर वाटली कीं पुढें कित्येक ग्रंथकार ती शतकानुशतकें उतरून घेत राहिले. पक्षी समोर नदीवर रोज उडत होता. त्याचे पाय पाहण्याची गरज कोणास वाटली नाहीं. आमच्या लोकांजवळ निदान पक्षी नव्हता, ही सबब तरी आहे.

ती सबब आतां उरलेली नाहीं. पैठण येथें गोदावरीवर जायकवाडीचें धरण बांधण्यास १९६५ सालीं आरंभ झाला आणि १९७६ सालीं तें पुरें झालें. सुमारें ३५० चौरस किलोमीटरचा तो जलाशय. त्याला एकनाथमहाराजांच्या स्मरणार्थ नाथसागर म्हणतात. १९८६ सालीं तें पक्ष्यांचें अभयारण्य ठरलें. तेथून १३२ किलोमीटर लांबीचा उजवा कालवा बीड जिल्ह्यांत माजलगांवपर्यंत येतो, आणि तेथें सिंदफणेवर दुसरें धरण १९८७ सालीं तयार झालें. ज्या देशांत कुररापुरतें पाणी नव्हतें, तेथें दहा-बारा वर्षांत दोन समुद्र झाले. कार्तिक लागला कीं उत्तर आशियांतून मीनघारी येतात, चैत्राच्या आंत परत जातात. एकनाथांच्या नांवाच्या पाण्यावर एकनाथांच्या नवव्या अध्यायांतील पक्षी आतां दर दत्तजयंतीला हजर असतो, आणि काठावरच्या गांवांतून कीर्तन चालतें टिटवीचें.

आम्हीं तो प्रथम पाहिला तो माजलगांवच्या जलाशयावर, एका मार्गशीर्षांतल्या सकाळीं. पाण्यांतून वर निघालेल्या एका वाळक्या बाभळीवर तो बसला होता. आमच्याबरोबर तेथला एक वयस्क भोई होता. आम्हीं विचारलें, तेव्हां जाळें आवरतां आवरतां तो म्हणाला, "ही मासेखाऊ घार, गुरुजी. हिवाळ्यात येती, उन्हाळा लागला की जाती. लई धीराची." थोड्या वेळानें पक्षी उठला, दोन झेपा फुकट गेल्या, तिसरींत वीतभर लांबीचा मासा निघाला. तो वर येतो न येतो तोंच दोन घारी आणि त्यांच्या मागोमाग तीन-चार कावळे त्याच्यावर तुटून पडले. आम्ही श्वास रोखून पाहत होतों. जी गोष्ट तोंडानें हजार वेळां सांगितली ती डोळ्यांसमोर घडत होती. आतां तो मासा टाकील, असें आम्हांस वाटलें. पण त्यानें टाकला नाहीं. वळणें घेत, उंच चढत, ओरडत तो पाण्यावरून दूर गेला, घारी कंटाळून मागें फिरल्या, आणि पलीकडच्या कांठीं त्यानें आपली न्याहारी केली.

आमचा थोडा हिरमोड झाला हें खरें. मग ध्यानांत आलें कीं, कुरर नेहमींच त्याग करतो असें भागवतांत कोठें म्हटलें आहे? हाच दृष्टांत सांख्यसूत्रांच्या चौथ्या अध्यायांत श्येनाच्या नांवानें आला आहे, आणि तेथें एक सूक्ष्म भेद केला आहे. त्यागानें सुख होतें आणि वियोगानें दुःख होतें, असा तो भेद. आमिष दोन्हीकडे जातें. पण आपण होऊन सोडलें तर तो त्याग, आणि दुसऱ्यानें हिसकावलें तर तो वियोग. पक्ष्याचे पंजे उघडण्याची क्रिया दोन्ही वेळां एकच दिसते. अंतर आंत असतें. कीर्तनांतून हा दुसरा अर्धा भाग आम्हीं क्वचितच ऐकला आहे.

तो आम्हांला त्या भोयानें ऐकविला. उन्हें वर आल्यावर आम्हीं त्याला सहज ही चोवीस गुरूंची कथा सांगितली. त्यानें ती मन लावून ऐकली, आणि पाण्याच्या मध्याकडे हात करून म्हणाला, "आमचं गाव हितंच खाली हाय. आमी काय खुशीनं न्हाई सोडलं." एवढें बोलून तो पुन्हां जाळ्याकडे वळला. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. नाथसागर काय किंवा माजलगांव काय, या पाण्याखालीं अनेक गांवें, देवळें, मळे आणि कांठच्या काळ्या जमिनी गेल्या आहेत. त्या पाण्यावर दुसऱ्यांचे ऊंस उभे राहिले, शहरांचे नळ वाहिले, आणि कुररहि आला. जिल्ह्याच्या हिताकरितां या लोकांनीं त्याग केला, असें सभांतून बोललें जातें. शब्द मोठा आहे; पण सांख्यांच्या मोजमापानें तो येथें लागू पडत नाहीं. हा वियोग होता. ज्याचें आमिष हिसकावलें गेलें त्याला त्यागाचें पुण्य चिकटवून देणें हा आपल्या मनाचें समाधान करण्याचा सोपा मार्ग आहे, आणि टिटवीच्या कथेनें तो अधिकच सोपा केला.

परदेशांतील एक उदाहरण येथें आठवतें. स्कॉटलंडांत लोकांनीं बंदुकीनें आणि अंडीं चोरून या पक्ष्याचा १९१६ पर्यंत निर्वंश केला. १९५४ सालीं एक जोडी आपण होऊन परत आली, तेव्हां तिच्या घरट्यावर लोकांनीं रात्रंदिवस पहारा ठेविला. पुढें शेतीवरील डी. डी. टी. माशांतून या पक्ष्यांच्या पोटांत जाऊन त्यांच्या अंड्यांचीं कवचें पातळ होऊं लागलीं. अमेरिकेनें १९७२ सालीं त्या विषावर बंदी घातली, मग पक्षी सांवरले. एखाद्या पाण्यांत काय मिसळलें आहे याची खबर मासे खाणारा पक्षी सर्वांच्या आधीं देतो. आमच्या दोन्ही जलाशयांच्या कांठीं ऊंस आहे, औषधफवारणी आहे, आणि तेंच पाणी पिणारीं माणसें आहेत. म्हणून दर कार्तिकांत कुरर आला कीं नाहीं, हें पाहणें केवळ पक्षिवेड्यांचें काम नव्हे.

अवधूताला कोणी दीक्षा दिली नव्हती. आपले गुरु आपण आपल्या बुद्धीनें केले, असें तो यदुराजाला सांगतो; म्हणजे त्यानें पाहिलें आणि पाहिलेल्यावर विचार केला. चोवीस गुरूंचें प्रकरण हें मुळांत पाहण्याचेंच प्रकरण आहे. तें आम्हीं ऐकण्याचें करून ठेविलें, म्हणून मासे खाणारी टिटवी चारशें वर्षें कोणाला खटकली नाहीं. येत्या दत्तजयंतीस ज्यांना सवड असेल त्यांनीं सकाळीं मुलांना घेऊन जवळच्या धरणाच्या कांठीं जावें, पाण्यांतल्या एखाद्या वाळक्या झाडावर काजळाची रेघ ओढलेलें पांढरें डोकें दिसतें का तें पाहावें, आणि कांठावर कोणी जुना रहिवासी भेटला तर खालच्या गांवाचें नांव विचारून घ्यावें. मग संध्याकाळीं कीर्तनास बसावें.